‘नॉटेड’ उत्परिवर्तन असलेल्या मक्याच्या पानांवर गाठी का येतात?

याचे कारण ‘नॉटेड-१’ हे जनुक भलत्या जागी चालू राहते. एरवी ते खोडाच्या शेंड्यातील पेशींना विभाजनक्षम ठेवते आणि जेथे नवे पान फुटायचे असते, तेथे आधीच बंद होते. उत्परिवर्तनामुळे ते पानाच्या शिरांलगत चालू राहिले, की तेथील पेशी विभागतच राहतात, बोटाला लागतील असे उंचवटे उठतात आणि पाते व देठाकडील आवरण यांच्या सांध्यावरची पातळ, पडद्यासारखी जिभली कधी कधी वर पात्यावर सरकते. वनस्पतींतील हे पहिले ज्ञात होमिओबॉक्स जनुक, म्हणजे इतर जनुके कधी चालू-बंद व्हायची हे ठरवणाऱ्या प्रथिनाचे जनुक, १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. पानाची जडणघडण समजून घ्यायला मला तरी हेच उदाहरण सर्वांत बोलके वाटते. जिभली घडण्यासाठी लागणारे ‘लिग्युललेस-१’ हे दुसरे जनुक निकामी झाले, तर मात्र पाने ताठ उभी राहतात.