कर्ज फिटलं, तरी वीज महाग का?

प्रश्न : काका, एकलहऱ्याच्या थर्मलजवळ, म्हणजे कोळशावरच्या वीज केंद्राजवळ, आमचं किराणा दुकान आहे. तिथले वीज बनवणारे संच चाळिशी ओलांडून गेले, म्हणजे कर्ज कधीच फिटलं असणार. मग वीज स्वस्त पडायला हवी ना? उलट ‘परवडत नाही’ असंच ऐकतो, आणि बंदही करत नाहीत. मुलगा दुकान वाढवायचं म्हणतोय. काय करावं? (एक वाचक, नाशिक रोड)

उत्तर : ताई, कर्जाचं तुम्ही बरोबर ओळखलंत. एकलहऱ्याचे 210 मेगावॉटचे तीन संच 1979 ते 1981 मधले. पण विजेच्या दरात कर्ज, पगार, देखभाल हा एक भाग आणि कोळसा हा दुसरा. कर्ज फिटलं की पहिला उतरतो, दुसरा मात्र वयाबरोबर चढतो.

अशा जुन्या संचाला एका युनिटमागे साधारण 2,600 किलोकॅलरी उष्णता लागते, नागपूरजवळच्या कोराडीच्या 660 मेगावॉटच्या नव्या संचाला 2,250 च्या आसपास. आपल्या कोळशात हा फरक युनिटमागे 80-90 ग्रॅमचा. ऐकायला किरकोळ वाटतं. पण संच दिवसभर पूर्ण भाराने चालला तर रोज सात वॅगन कोळसा जास्तीचा जळतो, आणि तोही विदर्भातून रेल्वेचं भाडं भरून आणलेला.

मी उभी नोकरी बॉयलरवर काढली. जुन्या बॉयलरची नळी फुटली की भट्टीच्या घरघरीत एक बारीक सूंऽऽ मिसळतो. तो ऐकला की पोटात गोळा यायचा. संच उतरवा, भट्टी निवेपर्यंत थांबा, आत शिरून वेल्डिंग करा, आणि पुन्हा पेटवताना आधी महागडं तेल जाळा. दोन-तीन दिवस गेलेच.

कुठल्या संचाने केव्हा किती वीज द्यायची हे ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रातून ठरतं. तिथून ज्याचं इंधन स्वस्त त्याला आधी बोलावणं येतं, म्हणून जुन्या संचांचा नंबर मागे लागतो. दुपारी तर सौर वीज भरपूर असते. पण संध्याकाळी सात वाजता सूर्य नसतो आणि घराघरांत दिवे लागलेले असतात. त्या चार-पाच तासांसाठी हे म्हातारे संच अजून लागतात. 2023 मध्ये केंद्रीय वीज प्राधिकरणाने 2030 पर्यंत औष्णिक संच निवृत्त करू नका असं सांगितलं, ते वाढती मागणी बघून.

माझं मत विचाराल तर, वीज साठवणुकीची सोय होईल तसा एकेक संच थांबवावा आणि तारीख गावाला पाच वर्षं आधी सांगावी. रेल्वेचा फाटा, उपकेंद्र, जमीन पुढेही उपयोगी पडेल. कंत्राटी कामगाराच्या हातात मात्र काहीच उरत नाही, आणि खर्चाच्या कुठल्याच तक्त्यात त्याचा रकाना मी पाहिला नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

आता दुकान. जुनी वही काढा. दोन संच एकदम बंद होते त्या महिन्यांत गल्ला किती उतरला ते बघा. थोडाच उतरला असेल तर दुकान गावावर चालतंय, खुशाल वाढवा. निम्म्यावर आला असेल तर कर्ज काढू नका, आणि उधारी आत्तापासूनच आवरती घ्या.