सांगलीच्या सांडपाण्याचं समुद्राशी काय नातं?

तुमचा प्रश्न असा: समुद्र सांगलीपासून एवढा लांब, मग शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या शेरी नाल्याचं पाणी शुद्ध होऊन कृष्णेत गेलं काय आणि तसंच गेलं काय, समुद्राला काय फरक पडतो? एका एसटीपीवर, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या प्लांटवर, मी बरीच वर्षं शिफ्ट केल्यात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कृष्णा अरबी समुद्रापासून जेमतेम ६५ किलोमीटरवर उगम पावते, पण जाऊन मिळते पार आंध्रात, बंगालच्या उपसागराला. वाटेत अलमट्टी, नागार्जुनसागर ही धरणं. मैल्यातला सडणारा भाग तिथवर पोचत नाही, नदीच तो पचवते. त्याचा त्रास आधी आपल्या खालच्या अंकलीला, नरसोबाच्या वाडीला. लिटरभर नदीच्या पाण्यात प्राणवायू विरघळतो साधारण ८ मिलिग्रॅम. लिटरभर कच्च्या सांडपाण्याला पाच दिवसांत लागतो दोनशेच्या आसपास. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर नदीचा श्वास खातं. उन्हाळ्यात नदीला धार नसते तेव्हा मासे का मरतात, ते यावरून कळेल.

समुद्रापर्यंत जाऊ शकतो तो नायट्रोजन. लघवीतून अमोनिया होतो, तो विरघळलेला असतो, गाळून निघत नाही. त्याला जिवाणूच लागतात. हवेच्या टाकीत एका गटातले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात, त्याला किलोमागे साडेचार किलो प्राणवायू लागतो. मग बिनहवेच्या टाकीत दुसरे जिवाणू त्या नायट्रेटमधला प्राणवायू काढून घेतात आणि नायट्रोजन वायू होऊन हवेत जातो. हे झालं नाही तर किनाऱ्याजवळ शेवाळ माजतं, मरून तळाला बसतं, कुजतं आणि तळाचा प्राणवायू संपवतं. ज्यांना पळता येतं ते मासे पळतात, शिंपल्यांनी काय करायचं?

किनाऱ्यावरच्या शहरांना मध्ये पचवायला नदीच नसते. मुंबईत वरळी आणि वांद्र्याहून सांडपाणी समुद्राखालच्या बोगद्यातून तीन किलोमीटरहून आत सोडतात. पर्यावरण नियमांतल्या जुन्या सर्वसाधारण मानकांत बीओडीची, म्हणजे सांडपाणी कुजताना लिटरमागे किती मिलिग्रॅम प्राणवायू खातं त्याची, मर्यादा नदीला ३०, तर समुद्राला १०० होती. समुद्र मोठा आहे म्हणून ही सूट. मला ती कधीच पटली नाही, कारण मासळीची पिल्लं वाढतात ती खाडीत आणि उथळ पाण्यातच.

आता प्लांटचं. आम्ही रोज हवेच्या टाकीतलं पाणी लिटरच्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास ठेवायचो. जिवाणूंची तब्येत चांगली असली की त्यांचा चॉकलेटी गाळ तीनशे मिलिलिटरच्या खुणेखाली बसतो, वर निवळशंख पाणी, वास पहिल्या पावसाच्या मातीसारखा. एका उन्हाळ्यात वीजबिल वाचवायला रात्री ब्लोअर, म्हणजे टाकीत हवा सोडणारे पंखे, बंद ठेवायचा हुकूम आला. चार दिवसांत गाळ काळा पडला, नासक्या अंड्यांचा वास सुटला. अमोनिया खाणारे जिवाणू आधी गेले, आणि ते फार सावकाश वाढतात. घडी परत बसायला तीन आठवडे लागले. तेवढे दिवस सगळा अमोनिया नदीत. बाहेरून बघणाऱ्याला प्लांट चालूच दिसत होता.

म्हणून तुमच्या प्रभागातली मंडळी एसटीपी बघायला गेली, तर काचेच्या ग्लासात धरून दाखवलेल्या स्वच्छ पाण्यावर समाधान मानू नका, अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. त्याचा रिपोर्ट मागा, ब्लोअरचं रात्रीचं लॉगबुक मागा, आणि सिलिंडर भरायला सांगून अर्धा तास तिथेच थांबा.