सर्व्हर-निवड तपासताय? आधी एवढंच करा

एक प्रश्न सगळ्या शोध-सर्व्हरांकडे न पाठवता मोजक्याच सर्व्हरांकडे पाठवायचा आणि त्यांचे निकाल एकत्र करायचे, तर ते सर्व्हर नीट निवडले का हे तपासायचा तुमचा विचार बरोबर आहे. फक्त अंतिम निकालयादीवरून निवडीला गुण देऊ नका. यादी बिघडली तर दोष सर्व्हर निवडण्यात होता की निकाल एकत्र करण्यात, हे कळतच नाही. निवड वेगळी मोजा.

समजा, एका प्रश्नासाठी पाच सर्व्हरांवर उपयुक्त दस्तऐवज अनुक्रमे १०, ६, ३, १ आणि ० आहेत. तुमच्या पद्धतीने दुसरा आणि तिसरा निवडला, म्हणजे ९ मिळाले. सर्वोत्तम दोन घेतले असते तर १६. गुण झाले ९/१६, साधारण ०.५६. प्रत्येक प्रश्नासाठी असं काढा, मग सरासरी घ्या. कुठेच उत्तर नसलेले प्रश्न आधी बाजूला काढा, नाहीतर छेदात शून्य येतो.

तुलनेला आकारानुसार निवड हवीच: सगळ्यात मोठे सर्व्हर आधी, बस्स. नवखे नेमकी हीच गाळतात. मोठ्या सर्व्हरवर उपयुक्त दस्तऐवजही बहुधा जास्त असतात, त्यामुळे तिला हरवणं दिसतं तितकं सोपं नाही.

डेटासाठी ट्रेक (TREC) या शोध-पद्धती तपासणाऱ्या परिषदेचा फेडवेब २०१३ (FedWeb) संच छान आहे. त्यात १५७ खरी सर्च इंजिनं आहेत. त्यावर कोरी (CORI) ही सर्व्हर निवडायची प्रसिद्ध पद्धत चालवून बघा. प्रतिसादाचा वेळ, खर्च वगैरे नंतर बघू.