ट्रॅफिक-वेदरचा डबा घेताय? आधी विमानात काय बसवलंय ते बघा

प्रश्न : नमस्कार दादा. मी टेक्सासात फ्रिस्कोला असतो, मूळचा साताऱ्याचा. मागच्या महिन्यात प्रायव्हेट पायलटचं लायसन्स हातात पडलं. क्लबची सेसना 172 भाड्याने घेऊन उडवतो, विकेंडला फार तर दोन-तीन तास. बायकोने वाढदिवसासाठी ट्रॅफिक-वेदर रिसीव्हरचं (आसपासची विमानं आणि हवामान आयपॅडवर दाखवणाऱ्या डब्याचं) बजेट मंजूर केलंय (परत मंजूर होईल याची खात्री नाही 😅). सेन्ट्री, स्ट्रॅटस, गार्मिन, स्ट्रॅटक्स वाचून वाचून डोकं गरगरलं. इन्स्ट्रक्टर म्हणतो सेन्ट्री घे, ऑफिसातला एक मित्र म्हणतो रास्पबेरी पाय (तळहाताएवढा कॉम्प्युटर) आण, स्ट्रॅटक्स घरीच बनवू. कुठला घेऊ? आणि हा घेतला की आजूबाजूची सगळी विमानं दिसतात ना?

उत्तर : आधी अभिनंदन! आता तुमचा शेवटचा प्रश्न पहिला घेतो, कारण खरी गोम तिथेच आहे. नाही, सगळी दिसत नाहीत.

हे डबे एडीएस-बी वर चालतात, म्हणजे विमानाने आपली जागा रेडिओवरून सगळ्यांना कळवायची पद्धत. तिच्यात दोन भाग असतात, आउट आणि इन. आउट म्हणजे विमानाचं तोंड, मी इथे आहे, इतक्या उंचीवर आहे असं ते सारखं ओरडत असतं. इन म्हणजे कान. तुम्ही विकत घेताय तो फक्त कान. अमेरिकेत 1 जानेवारी 2020 पासून मोठ्या एअरपोर्टांभोवती, म्हणजे तुमच्या डॅलसच्या 30 नॉटिकल मैलांत तर नक्कीच, आणि 10,000 फुटांच्या वर आउट सक्तीचं झालंय, पण खेड्यातल्या धावपट्टीवरून खालच्या खाली उडणाऱ्याला सक्ती नाही. त्यात हे ओरडणंसुद्धा दोन फ्रिक्वेन्सींवर चालतं, 1090 मेगाहर्ट्झ आणि 978. एअरलाइनवाले 1090 वर, छोट्यांपैकी काही इकडे काही तिकडे. म्हणून रिसीव्हर घ्यायचा तर दोन्ही ऐकणाराच घ्या, यात घासाघीस नाही, कारण फुकटचं वेदर फक्त 978 वर येतं. स्वस्तात एकाच बँडचा मिळाला म्हणून घेतला आणि तो 1090 वाला निघाला तर ढगाचा एक ठिपका दिसायचा नाही.

आता ज्यांना तोंडच नाही, नुसता जुना ट्रान्सपॉन्डर (रडारने विचारलं की उत्तर देणारं यंत्र) आहे, त्यांचं काय? तर जमिनीवरची स्टेशनं रडारवर दिसणारी ही विमानं उचलून वर पाठवतात, पण ती पाठवतात अशा विमानासाठी ज्याचं स्वतःचं आउट चालू आहे. त्या विमानाभोवती चहूकडे 15 नॉटिकल मैल आणि वर-खाली 3,500 फूट एवढाच भाग धरतात. इकडचे लोक याला हॉकी पक म्हणतात, आपण थालीपीठ म्हणू, मधलं भोक म्हणजे तुम्ही. तुमच्या विमानात आउट नसेल तर थालीपीठ तुमच्या नावाचं निघतच नाही, शेजाऱ्याच्या ताटातलं जे काय दिसेल तेवढंच. म्हणून दुकानात जायच्या आधी क्लबच्या मेकॅनिकला विचारा की या 172 मध्ये नक्की काय बसवलंय. आणि कुणी सांगावं, गार्मिनचा जीटीएक्स 345 सारखा ट्रान्सपॉन्डर असेल तर त्यात इन-आउट दोन्ही असतं आणि तो ब्लूटूथवरून थेट तुमच्या आयपॅडला ट्रॅफिक-वेदर देतो, मग बजेट हेडसेटवर उडवा! मी स्वतः हे न विचारता डबा घेतला होता आणि सहा महिने एकाच विमानात दोन-दोन रिसीव्हर घेऊन हिंडलो, घरी अजून बोललेलो नाही.

तरीही काही विमानं कुणालाच दिसत नाहीत. मागच्या ऑक्टोबरची गोष्ट, टॉवर नसलेला एक छोटा एअरपोर्ट, मी डाउनविंडवर (उतरण्याआधी धावपट्टीला समांतर, उलट्या दिशेने), स्क्रीन अगदी स्वच्छ, आसपास कुणी नाही. बेस घेणार, म्हणजे धावपट्टीकडे वळणार, एवढ्यात उजव्या सीटवरचा मित्र म्हणाला, "अरे ते पिवळं काय आहे?" पायपर कब! फायनलवर, म्हणजे उतरायच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर, माझ्या खाली, शेताच्या रंगात मिसळून गेलेला, रमतगमत चाललेला. अशा जुन्या विमानांना इंजिनवर चालणारी इलेक्ट्रिकल सिस्टिमच नसते, त्यांना आउटमधून सूट आहे, त्यात त्याचा रेडिओही बहुतेक बंद असावा. ग्लायडर आणि बलूनचंही तेच. त्या दिवसापासून पॅटर्नमध्ये (एअरपोर्टभोवतीच्या या उतरायच्या चकरेत) शिरलो की मी आयपॅड मांडीवर पालथा घालतो. काही जण म्हणतील हा अतिरेक आहे, असू दे.

उलटाही प्रकार होतो बरं का. एकदा स्क्रीनवर अगदी माझ्या शेपटीला चिकटून, माझ्याच उंचीवर एक विमान, मी वळलो की तेही वळतंय. पोटात गोळा आला. नंतर कळलं तो मीच! रडारने मला पाहिलं, जमिनीवरून परत पाठवलं, जरा उशिरा पोचलं, आणि माझ्या ॲपला मी कोण हेच माहीत नव्हतं. भाड्याचं विमान दर वेळी वेगळं असतं, त्यामुळे उडायच्या आधी ॲपमध्ये त्या दिवसाचा टेल नंबर (विमानाचा नोंदणी क्रमांक) टाकायचा, म्हणजे हे भूत बहुतेक वेळा जातं.

वेदरकडे वळू. मेटार (एअरपोर्टवरचं आत्ताचं हवामान), टाफ (तिथला अंदाज), टीएफआर (तात्पुरती उड्डाणबंदी), पायलट रिपोर्ट, रडारचं चित्र हे सगळं सबस्क्रिप्शनशिवाय येतं आणि खरंच मोठं सुख आहे, पुढच्या एअरपोर्टवर वारा काय हे तासभर आधी कळतं. पण रडारच्या चित्राने माणसं मेलीयेत. आसपासच्या भागाचं चित्र दर 5 मिनिटांनी नवं येतं, पूर्ण देशाचं 15 मिनिटांनी आणि तेही जाडंभरडं. कोपऱ्यात "2 मिनिटांपूर्वी" असं लिहून येतं ना, ते चित्र जोडून तयार झालं तेव्हापासूनचं वय. रडारने पाऊस खरा पाहिला तो त्याच्याही आधी. एनटीएसबीने (अमेरिकेत अपघातांची चौकशी करणारी सरकारी संस्था) 2012 मध्ये याच्यावर सेफ्टी अलर्ट काढला होता, की चित्रातलं वादळ स्क्रीनवर लिहिलेल्या वयापेक्षा 15 ते 20 मिनिटं जुनं असू शकतं. आता टेक्सासचं वसंतातलं वादळ 40 नॉटच्या (तासाला 40 नॉटिकल मैल) वेगाने सरकत असेल तर 15 मिनिटांत ते 10 नॉटिकल मैल पुढे गेलेलं असतं, आणि दोन लाल ठिपक्यांमधली जी फट बघून तुम्ही नाक वळवलंत ती फट तिथे नाहीच. हे चित्र बघून वादळाला लांबून वळसा घालायचा किंवा खाली उतरून चहा प्यायचा. फट शोधायला ते वापरायचंच नाही.

हं, आता डबे. इथे डोकं फार खाजवू नका, तुम्ही कुठलं ॲप वापरता त्यावर अर्धं ठरून जातं. फोरफ्लाइट वापरत असाल (पायलटांचं नकाशा-हवामानाचं ॲप, ते आयपॅड-आयफोनवरच चालतं, अँड्रॉइडवाल्यांनी पुढे सरका) तर इन्स्ट्रक्टरचं ऐका, सेन्ट्री घ्या. बॅटरी कंपनीच्या सांगण्याप्रमाणे 12 तास, आयपॅड झोपलेला असला तरी वेदर गोळा करून ठेवते, आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म आहे. मला विचाराल तर या एका गोष्टीसाठी मी ती घेईन. 172 चा हीटर एक्झॉस्टच्या गरम कवचावरून हवा आणतो, तिथे चीर पडली की कार्बन मोनॉक्साइड थेट केबिनमध्ये, त्याला वास नाही रंग नाही, नुसतं डोकं जड होतं आणि माणसाला वाटतं रात्री झोप झाली नाही. सेन्ट्री मिनी स्वस्त आहे पण तिच्यात बॅटरी नाही, हा अलार्म नाही, विमान कुठल्या कलात आहे ते दाखवणारं एएचआरएसही नाही, वायर लावून बसावं लागतं. मोठी अडचण म्हणजे सेन्ट्री फोरफ्लाइटशिवाय दुसऱ्या कुणाशी बोलत नाही, उद्या ॲप बदललं की डबा कपाटात.

ॲप अजून ठरलं नसेल तर स्ट्रॅटस 3 बघा, तो बऱ्याच ॲप्सबरोबर चालतो. गार्मिन पायलट हे ॲप वापरत असाल तर गार्मिनचा जीडीएल 50. त्याचा थोरला भाऊ जीडीएल 52, त्यात सिरियसएक्सएमचं सॅटेलाइट वेदर येतं, जे जमिनीवर उभं असतानाही मिळतं, पण त्याला दरमहा पैसे मोजावे लागतात. विकेंडला दोन-तीन तास उडणाऱ्याला ते कशाला? लांबचे दौरे सुरू झाले की बघू.

आणि मित्राचा स्ट्रॅटक्स. ओपन सोर्स आहे, रास्पबेरी पाय, दोन रेडिओ डोंगल, जीपीएस, अँटेना, एक प्लास्टिकची पेटी, झालं. चालतो, अगदी छान चालतो, मी बनवलाय. पण एसडी कार्ड बिघडलं, पंखा अडकला, पॉवर बँक सैल झाली हे सगळं तुमच्यावर. ज्याला शनिवारी सोल्डरिंग करायला आवडतं त्याने करावं. नव्या लायसन्सवाल्याचं डोकं विमानातच मोकळं हवं, त्यामुळे मी तरी तुम्हाला पहिला डबा म्हणून हा सांगणार नाही.

दोन-तीन बारीकसारीक. डबा मागच्या बाजूच्या खिडकीला सक्शन कपने लावा, पुढच्या काचेखाली उन्हात ठेवलात तर तापून बंद पडतो, आयपॅडसुद्धा. उतरल्यावर तो विमानात विसरू नका, टेक्सासच्या जुलैत बंद केबिनमध्ये लिथियम बॅटरी म्हणजे नसती आफत. आणि पहिल्या दिवशी रॅम्पवर (विमानं उभी करायच्या जागेवर) उभं राहून "टॉवर शून्य" (जमिनीवरचं एकही स्टेशन ऐकू येत नाही) असं दिसलं तर दुकानदाराला शिव्या घालू नका, स्टेशनचा सिग्नल सरळ रेषेत येतो, मधे हँगर-झाडं असली की अडतो, जरा वर गेलात की येतो.

प्रश्न : सर, मी गोंदियाला बिरसीला सीपीएल (कमर्शियल पायलटचं लायसन्स) करतोय. मामा अमेरिकेहून येतायत, त्यांना सेन्ट्री आणायला सांगू का?

उत्तर : नको रे. 978 ची ती सगळी व्यवस्था अमेरिकेची आहे, आपल्याकडे हवेत फुकट वेदर पाठवणारं तसं काही नाही आणि थालीपीठही नाही. 1090 वर आउट असलेली विमानं दिसतील, वरून जाणारी एअरलाइन मुख्यतः, आणि त्यांच्याशी तुझी गाठ पडायची नाही. तुझी गाठ पडणार सर्किटमधल्या (एअरपोर्टभोवतीच्या चकरेतल्या) दुसऱ्या शिकाऊ विमानाशी, तिथे रेडिओ कॉल नीट दे आणि मान फिरव. शिवाय असं उपकरण केबिनमध्ये न्यायचं तर शाळेची परवानगी लागेल, ते आधी सीएफआयना (शाळेच्या मुख्य प्रशिक्षकांना) विचार. हवामानासाठी निघायच्या आधी मेटार-टाफ आणि आयएमडीच्या (भारतीय हवामान खात्याच्या) साइटवरचं नागपूरचं रडार बघ. मामांना चांगला हेडसेट आणायला सांग, तो जन्मभर पुरेल.

प्रश्न : माझा मुलगा ॲरिझोनात विमान शिकतो. मी नाशिकहून मोबाइलवर त्याचं विमान बघत असते. परवा ते मधेच नकाशावरून गायब झालं आणि मी रात्रभर जागी. असं का होतं?

उत्तर : ताई, गायब झालं ते नकाशावरून. तुमच्या ॲपला ही माहिती ठिकठिकाणी लोकांनी घराच्या गच्चीवर, छपरावर लावलेल्या रिसीव्हरांकडून मिळते. विमान डोंगरामागे गेलं किंवा उतरायला खाली आलं की त्या गच्चीला ते दिसत नाही, मग ठिपका पुसला जातो. ॲरिझोनात डोंगर भरपूर आणि वाळवंटात गच्च्या कमी. छोटी विमानं 978 वर बोलत असतील तर ते ऐकणारे आणखी कमी. मुलाला सांगा, उतरून इंजिन बंद करून विमान दोरीने बांधलं की मला एक मेसेज टाक. टॅक्सीवेवरून टाकू नको म्हणावं, तिथे आईचाही फोन घ्यायचा नसतो.