गाबा वाढवूनही फिट का वाढते?

तुझ्या प्रश्नाचा गाभा असा: गाबा हे मेंदूतलं संदेश नेणारं रसायन मेंदूला आवरतो. टियागाबिन हे औषध गाबा परत उचलणारा जीएटी-१ ट्रान्सपोर्टर (पेशीच्या पडद्यातलं वाहक प्रथिन) अडवतं, म्हणजे गाबा बाहेर जास्त वेळ राहतो. मग ॲब्सेन्स प्रकारची फिट (काही सेकंद भान हरपून टक लागणं) कमी व्हायची सोडून का वाढते?

गाबा कुठल्या पेशीवर रेंगाळतो, हे बघ. थॅलॅमसच्या (मेंदूच्या आतलं, कॉर्टेक्सकडे संदेश पाठवणारं केंद्र) पेशींवर सिनॅप्सबाहेरही, म्हणजे दोन पेशींच्या जोडाबाहेरही, गाबाचे रिसेप्टर असतात. उचल थांबली की गाबा तिथवर पाझरतो आणि पेशी सतत दबून राहते, व्होल्टेज आणखी ऋण होतं. या पेशींतले टी-प्रकारचे कॅल्शियम चॅनेल एरवी निष्क्रिय पडलेले असतात. पेशी दबली की ते पुन्हा उघडायला सज्ज होतात. मग जरासा धक्का बसला तरी फैरी झडतात आणि थॅलॅमस-कॉर्टेक्समध्ये (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा बाहेरचा थर) ॲब्सेन्सचा सेकंदाला ३ लहरींचा ताल धरला जातो. म्हणून टियागाबिन फोकल (मेंदूच्या एका भागातून सुरू होणाऱ्या) फिट्सना जोड-औषध म्हणून देतात, ॲब्सेन्समध्ये टाळतात.

ट्रान्सपोर्टर म्हणजे कचरा उचलणारी गाडी, ही समजूत आधी सोड. त्याची दिशा उतार ठरवतो, म्हणजे पडद्याच्या आतबाहेर आयन (विद्युतभारित कण) किती आहेत यातला फरक. ॲस्ट्रोसाइटवरचा (न्यूरॉनच्या शेजारची आधार-पेशी) ईएएटी-२ घे, हा ग्लुटामेट या मेंदूला चेतवणाऱ्या रसायनाचा ट्रान्सपोर्टर: १ ग्लुटामेटबरोबर ३ सोडियम आणि १ प्रोटॉन आत, १ पोटॅशियम बाहेर. सगळा जोर आयनांच्या उताराचा. आपला कोल्हापुरातला जयंती नाला एरवी पंचगंगेला मिळतो. राजाराम बंधाऱ्यापाशी पाणी चढलं की त्याच नाल्यातून पूर शहरात शिरतो. मेंदूचा रक्तपुरवठा तुटला, पेशीचं इंधन एटीपी संपलं, हे उतार टिकवणारा सोडियम-पोटॅशियम पंप बसला, की ग्लुटामेटचे ट्रान्सपोर्टरही असेच उलटे वाहतात आणि आतला ग्लुटामेट बाहेर येतो. पेशी मरतात त्या बऱ्याच अंशी त्यानं.

एक गोष्ट बहुतेकांच्या नजरेतून सुटते: ईएएटी-२ चं एक आवर्तन दहा ते शंभर मिलिसेकंदांच्या दरम्यान वेळ घेतं, पण सिनॅप्सच्या फटीतला ग्लुटामेट साधारण मिलिसेकंदभरात ओसरतो. तो आपोआप पसरत जातो (विसरण) आणि बाहेर पडताच ॲस्ट्रोसाइटच्या पडद्यावर दाटीनं बसलेले ट्रान्सपोर्टर त्याला आधी नुसते धरून ठेवतात. आत नेणं नंतर. इथं वेगापेक्षा संख्या कामाला येते.

आता क्लोराइड. याच्याशिवाय 'गाबा आवरतो' हे वाक्यच अर्धवट. गाबाचा रिसेप्टर उघडला की त्यातून क्लोराइड वाहतं. केसीसी-२ हा ट्रान्सपोर्टर क्लोराइड पेशीबाहेर काढतो, एनकेसीसी-१ आत आणतो. क्लोराइड पेशीचं व्होल्टेज कुठं ओढेल ते काढू. बाहेर १२० मिलिमोलर धर आणि ३७ अंशांना ६१.५ × लॉग (आतलं ÷ बाहेरचं) मांड. आत ५ असेल तर उत्तर सुमारे −८५ मिलिव्होल्ट. पेशी −७० ला असेल तर गाबा तिला खाली खेचेल. आत २५ असेल तर −४२. तोच गाबा, तोच रिसेप्टर, पण पेशी वर चढते. अपरिपक्व न्यूरॉनमध्ये केसीसी-२ कमी आणि एनकेसीसी-१ जोरात असल्यानं असंच होतं. नवजात बाळाच्या फिट्सना गाबावर चालणारी औषधं कधी कधी दाद देत नाहीत, त्यामागे हे एक कारण मानतात.

स्लाइसवर (मेंदूच्या पातळ कापावर) हे मोजणार असशील तर साधा होल-सेल पॅच, म्हणजे पडदा फोडून पेशीला जोडलेली काचेची पिपेट, लावू नकोस. पिपेटमधलं क्लोराइड पेशीत उतरतं आणि तू पेशीचं नव्हे, स्वतःच्या द्रावणाचं क्लोराइड मोजतोस. ग्रॅमिसिडिनचा परफोरेटेड पॅच घे, त्यात पडदा न फोडता हे औषध त्याला बारीक छिद्रं पाडतं. त्याच्या छिद्रांतून क्लोराइड जात नाही. पडदा मध्येच फाटला तर रिव्हर्सल (गाबाच्या प्रवाहाची दिशा जिथं पालटते ते व्होल्टेज) एकदम सरकतो, म्हणून पिपेटमध्ये मुद्दाम जास्त क्लोराइड ठेव, म्हणजे फाटलेलं लगेच कळेल. आणि ट्रान्सपोर्टरचा वेग तपासायचा असेल तर स्लाइसभोवतीचं द्रावण ३५ अंशांच्या आसपास हवं. खोलीच्या तापमानाला ते फार मंदावतात.