रंग उजळला, डोळे सुजले आणि नायट्याची कॅप्सूल

प्रश्न : नमस्कार मॅडम. माझे मिस्टर ५२ वर्षांचे, तुर्भ्याच्या फळबाजारात दिवाणजी आहेत. आठ महिन्यांपूर्वी त्यांना सीएमएल हा रक्ताचा कॅन्सर निघाला. तेव्हापासून इमॅटिनिब ४०० ची एक गोळी रोज, पहाटे कामावर निघताना चहाबरोबर. पांढऱ्या पेशी तिसऱ्या महिन्यातच नॉर्मल आल्या. पण सकाळी डोळ्यांखाली सूज असते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. रंग मात्र उजळलाय. शेजारणी म्हणतात, औषध मानवलं. पावसाळ्यात जांघेत नायटा झाला म्हणून मेडिकलमधून इट्राकोनॅझोलच्या कॅप्सूल आणल्या. सूज त्यानंतर वाढली असं मला वाटतं. सासूबाई गुळवेलीचा काढा देतात. आणि हे म्हणतात, रिपोर्ट चांगला आहे, आता गोळी एक दिवसाआड घेतो. काय करू?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर : ताई, आधी त्या कॅप्सूलचं बघा. पुढची कॅप्सूल घेण्याआधी कॅन्सरच्या डॉक्टरांना फोन करा आणि पाकिटावरचं नाव जसंच्या तसं वाचून दाखवा.

कारण सांगते. इमॅटिनिब पोटातून जवळजवळ पूर्ण, म्हणजे ९८ टक्के, रक्तात उतरतं. मग ते यकृतात पोचतं. तिथे सीवायपी-३ए४ नावाचं एन्झाइम त्याचे तुकडे करतं आणि बराचसा भाग पित्तावाटे शौचातून बाहेर पडतो, लघवीतून थोडाच. नायट्याच्या या जातीतल्या गोळ्या नेमकं तेच एन्झाइम अडवतात. इट्राकोनॅझोलच्याच घराण्यातलं किटोकोनॅझोल बरोबर दिलं तर रक्तातलं इमॅटिनिब सुमारे ४० टक्क्यांनी वाढतं. म्हणजे तोंडात गोळी एकच गेली, अंगात मात्र जास्त राहिली. सूज त्यामुळेच वाढली असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण तुमचा संशय अगदी रास्त आहे.

यात मेडिकलवाल्याला एकट्याला बोल लावायला मी धजत नाही. नौपाड्यात माझं स्वतःचं दुकान २६ वर्षं होतं. हीच कॅप्सूल मी चिठ्ठी न बघता दिलेली आहे, एकदा नव्हे. मग एके दिवशी एका गृहस्थांनी पैसे काढताना पिशवीतली दुसरी चिठ्ठी काउंटरवर ठेवली आणि त्यावर इमॅटिनिब लिहिलेलं होतं. कॅप्सूल परत घेतली, पण त्याआधी किती जणांना दिली असेल कोण जाणे. तेव्हापासून "आणखी काय चालू आहे?" हे विचारल्याशिवाय मी गल्ल्याला हात लावला नाही. नायट्यावर लावायचं मलम मिळतं, तेही त्वचेच्या डॉक्टरांकडून घ्या. स्टिरॉइड मिसळलेल्या ट्यूबांनी खाज थांबते आणि नायटा पसरतो.

उलटंही होतं, आणि ते जास्त वाईट. टीबीचं रिफॅम्पिसिन ते एन्झाइम इतकं चेतवतं की रक्तातलं इमॅटिनिब सुमारे तीन-चतुर्थांशाने घटतं. फिटच्या फेनिटॉइनचंही तसंच. गोळी रोज घेतोय आणि अंगात काहीच नाही, अशी गत. मिस्टर फळबाजारात आहेत म्हणून आणखी एक: पपनस आणि ग्रेपफ्रूट नको. गणपतीत पपनसाचे ढीग लागतात, फोड कोणी ना कोणी हातावर ठेवतंच. मोसंबी, संत्रं खुशाल खाऊ दे.

काढ्याचं सासूबाईंना सांगणं अवघड, मला कल्पना आहे. कोविडच्या काळात मुंबईतल्याच डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेले काही रुग्ण नोंदवले होते. आयुष मंत्रालयाला ते पटलं नव्हतं. हा वाद आपण इथे सोडवायचा नाही. पण ज्या यकृताला रोज ही गोळी पचवायची आहे, त्याच्यावर दुसरा भार का? तोही डॉक्टरांना अंधारात ठेवून?

आता एक दिवसाआडचं. या आजारात ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल होतात. त्यातून एक प्रथिन तयार होतं, बीसीआर-एबीएल. ते पांढऱ्या पेशींना वाढा वाढा म्हणत राहतं, थांबतच नाही. त्याला चालू राहायला एटीपी, म्हणजे पेशीतलं इंधन, लागतं, आणि एटीपीची बसायची एक ठरलेली खाच असते. ठाणे-वाशी गाडीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसं इमॅटिनिब त्या खाचेत जाऊन बसतं. एटीपी उभं राहतं, प्रथिन गप्प होतं. पण रुमाल उचलला की जागा गेली. या औषधाचं रक्तातलं प्रमाण साधारण १८ तासांत निम्मं होतं. यकृतात त्यापासून बनणारा दुसरा पदार्थही काम करतो, तो ४० तासांत निम्मा होतो. म्हणून एखादा दिवस चुकला तर आभाळ कोसळत नाही. दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच घ्यायची. पण ठरवून एक दिवसाआड घेणं म्हणजे अर्धं औषध.

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये ८७ रुग्णांना बाटलीच्या झाकणात चिप बसवून दिली होती, झाकण उघडलं की नोंद. ९० टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेणाऱ्यांचा प्रतिसाद स्पष्टपणे मागे पडला. नव्वद टक्के म्हणजे महिन्यात तीनच दिवस चुकले! मिस्टर पंधरा दिवस चुकवायला निघालेत.

आणि पांढऱ्या पेशी नॉर्मल आल्या, ही परीक्षेतली पहिली पायरी. खरा निकाल बीसीआर-एबीएलच्या पीसीआरमध्ये, म्हणजे त्याचा अंश रक्तात किती उरलाय हे मोजणाऱ्या तपासणीत, असतो. तीन महिन्यांनी १० टक्के किंवा कमी, सहा महिन्यांनी १, वर्षाने ०.१ अशी उतरंड डॉक्टर बघतात. शेवटचा पीसीआर कधी केला ते तुम्ही लिहिलं नाही. गोळी बंद करता येते, पण वर्षानुवर्षं हा आकडा अगदी खाली राहिल्यावर, डॉक्टरांच्या नजरेखाली, सुरुवातीला दर महिन्याला तपासणी करत. तरीही निम्म्याच्या आसपास लोकांनाच ती बंद ठेवता येते.

शेजारणींचं मात्र मला हसू आलं. इमॅटिनिब बीसीआर-एबीएलला अडवतं तसं किट नावाच्या प्रथिनालाही अडवतं, आणि त्वचेत रंग बनवणाऱ्या पेशींना ते किट लागतं. म्हणून आपल्यासारख्या सावळ्या माणसांचा रंग उतरतो. तब्येतीचा त्याच्याशी संबंध नाही. उन्हात टोपी, लांब बाह्या. डोळ्यांखालची सूज आणि पोटऱ्यांतले गोळे हे या औषधाचे नेहमीचे त्रास. मीठ हात राखून घाला आणि रोज सकाळी वजन टिपा. वजन झपाट्याने वाढलं, पाय भरले किंवा दम लागला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता जा.

राहिला पहाटेचा चहा. नुसत्या चहावर ही गोळी पोटात मळमळ आणते. बाजारातून आल्यावर जे पोटभर जेवण होतं त्याबरोबर, मोठा तांब्याभर पाणी पिऊन घेऊ दे. वेळ कशी बदलायची ते त्याच फोनवर डॉक्टरांना विचारा.

प्रश्न : आईला ७१ व्या वर्षी हीच गोळी चालू आहे, गिळता येत नाही. कुटून दिली तर?
— एक वाचक, कळवा

उत्तर : कुटू नका. ४०० ची गोळी पेलाभर, साधारण २०० मिली, साध्या पाण्यात टाकून चमच्याने ढवळा, ती विरते. लगेच प्यायला द्या, मग पेला विसळून तेही पाणी द्या. हे इमॅटिनिबपुरतं; कॅन्सरच्या दुसऱ्या गोळ्यांना हा नियम लावू नका. आणि घरात सुनेला दिवस गेले असतील तर हे काम तिच्याकडे नको, तुम्ही करा.