शाळेतल्या गोळीबारानंतर गाव दुःख कसं पेलतं, यावर छोटा माहितीपट कोणता बघावा?

'नोट्स फ्रॉम डनब्लेन: लेसन्स फ्रॉम अ स्कूल शूटिंग' (2018, दिग्दर्शन किम स्नायडर) बघा. अर्ध्या तासापेक्षा कमी वेळाचा आहे, नेटफ्लिक्सवर आला होता. मी हाच सुचवतोय कारण यात हल्ल्यापेक्षा हल्ल्यानंतरची वर्षं दिसतात. 13 मार्च 1996 रोजी स्कॉटलंडमधल्या डनब्लेनच्या प्राथमिक शाळेत 16 मुलं आणि त्यांच्या शिक्षिका मारल्या गेल्या. 14 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेतल्या न्यूटाउनच्या सँडी हुक शाळेत 20 मुलं आणि 6 मोठी माणसं गेली. न्यूटाउनच्या पाद्रींना आपल्याच चर्चमधल्या लहानग्यांना निरोप द्यावा लागला. तेव्हा हे सगळं आधी सोसलेल्या डनब्लेनच्या पाद्रींनी त्यांना पत्र लिहिलं, आणि माहितीपट या दोघांच्या पत्रव्यवहाराभोवतीच फिरतो. लोकांचं सांत्वन करणाऱ्याचं सांत्वन कोण करणार, हा प्रश्न मला त्यात सर्वांत जास्त भिडला.

बघण्याआधी एवढं माहीत असू द्या: डनब्लेननंतर स्नोड्रॉप नावाची सह्यांची मोहीम निघाली (मार्चमध्ये तिथे तेच फूल फुललेलं असतं) आणि 1997 मध्ये ब्रिटनने खाजगी हँडगनवर बंदी आणली. अमेरिकेत सँडी हुकनंतर तशी बंदी आली नाही.

मात्र यात भर पाद्रींच्या अनुभवावर आहे. आईवडिलांचं दुःख समजून घ्यायचं असेल तर याच दिग्दर्शिकेचा पूर्ण लांबीचा 'न्यूटाउन' (2016) बघा. तो जास्त जड जातो, एका बैठकीत संपवायचा आग्रह धरू नका.